शालेय ग्रंथपालांची कार्यशाळा, बडोदे : दुपारी नक्की थांबा

शाळेत गणिताचे शिक्षक चार-पाच असतात, ग्रंथपाल एकच. काही अडलं तर स्टाफरूममध्ये विचारायला कोणी नसतं. त्यामुळे फतेहगंजमध्ये शालेय ग्रंथपालांसाठी दिवसभराची कार्यशाळा आहे असं कळल्यावर मी शाळेचं पत्र घेऊन लगेच नाव नोंदवलं. फी ६०० रुपये, चहा-जेवण धरून. दिवाळीनंतर ती पुन्हा होणार आहे आणि ओळखीतल्या दोघीतिघींनी विचारलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सकाळचा भाग आधी उरकते. दीपप्रज्वलन, सत्कार, मनोगतं यात तासभर गेला. मग २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणावर व्याख्यान झालं. विषय आमच्या कामाचाच, पण वक्ते पडद्यावरच्या इंग्रजी ओळी वाचत राहिले. त्यानंतर एका सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रतिनिधीने ग्रंथालयाच्या नोंदी ठेवणारी आपली प्रणाली दाखवली, बराच वेळ. फी भरून आलेल्या माणसांना विक्रीचं भाषण ऐकवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि अभिप्रायाच्या कागदावरही मी तेच लिहिलंय. कोहासारखी मुक्त, परवाना-शुल्क नसलेली प्रणालीही असते, ती चालवायला सर्व्हर आणि जाणकार माणूस मात्र लागतो, एवढं तरी कोणी सांगायला हवं होतं. लहान शाळेला निवड करायची तर दोन्ही बाजू कळायला नकोत का?

जेवण साधं आणि चांगलं होतं, कढी-खिचडी आणि पुरी-भाजी.

खरं काम त्यानंतर सुरू झालं. प्रत्येकाने आपल्या लायब्ररीतली एक वस्तू आणायची आणि तिच्यावर दहा मिनिटं बोलायचं, असं नोंदणीच्या वेळीच सांगितलं होतं. खुर्च्या गोल मांडल्या आणि गुजराती, मराठी, हिंदी, ज्याला जी जमेल त्या भाषेत माणसं बोलू लागली.

कारेलीबागेतल्या एका प्राथमिक शाळेच्या बेननी चित्रांचं पुस्तक आणलं होतं. गोष्ट वाचून दाखवताना ते धरायचं कसं, एवढंच त्यांनी दाखवलं. एका हाताने पुस्तक खालून, मधल्या शिवणीपाशी धरायचं आणि चेहऱ्याच्या बाजूला, मुलांच्या नजरेच्या उंचीवर ठेवायचं. दुसऱ्या हाताने पान वरच्या कोपऱ्यातून उलटायचं, म्हणजे हात चित्राच्या आड येत नाही. पान उलटलं की लगेच वाचायचं नाही, मुलांचे डोळे चित्रभर फिरू द्यायचे आणि मग वाक्य. आम्ही सगळ्यांनी तिथल्या तिथे करून पाहिलं. सोमवारी तिसरीच्या तासाला मी तसंच वाचलं. एरवी "बाई, दिसत नाही" म्हणणारी मागची मुलं शेवटच्या पानापर्यंत ऐकत होती.

एका ज्येष्ठ ग्रंथपालांनी फाटकी पुस्तकं आणि खळीची वाटी आणली होती. सेलोटेपचा चिकट थर कालांतराने पिवळा पडतो, कागदात मुरतो, मग टेप सुटते आणि डाग राहतो. त्याऐवजी मैद्याची पातळ खळ आणि टिश्यू कागदाची पट्टी. बाइंडर मंडळी कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात, पण ते विषारी, मुलांच्या शाळेत नकोच. ताजी खळ करावी आणि उरलेली टाकून द्यावी, असं त्यांनी दोनदा बजावलं.

सगळ्यात जास्त चर्चा झाली ती हरवलेल्या पुस्तकांवर. एक बेन चक्क कपाटांच्या किल्ल्यांचा जुडगा घेऊन आल्या होत्या. तपासणीत पुस्तकं कमी निघाली तर पैसे आपल्या पगारातून कापतील, ही धास्ती आमच्यातल्या कित्येकांना असते. म्हणून कपाटांना कुलूप, आणि मुलं काचेतून पुस्तकांचे कणे बघतात. तेव्हा केंद्रीय शाळेतून निवृत्त झालेल्या एका सरांनी भारत सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतला नियम २१५ वाचून दाखवला. वर्षभरात वाचकांना दिलेल्या दर १,००० ग्रंथांमागे ५ गहाळ होणं वाजवी धरता येतं, मात्र त्यात अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसावा. १,००० रुपयांहून महाग किंवा दुर्मीळ ग्रंथ गेला तर चौकशी होणारच. आणि २०,००० पर्यंत ग्रंथ असलेल्या ग्रंथालयात पूर्ण मोजणी दरवर्षी करायची. ट्रस्टच्या शाळांना हा नियम थेट लागू नाही, पण व्यवस्थापनापुढे ठेवायला आधार मिळतो. सूट देवघेवीच्या हिशोबाने आहे, हे त्या सरांनी नीट उलगडून सांगितलं: जितकी पुस्तकं जास्त फिरतील तितकी सूटही जास्त. बंद कपाटाला ती मिळतच नाही! मी तो नियम छापून आमच्या मुख्याध्यापिकाबाईंपुढे ठेवला. पाचवी ते सातवीची दोन कपाटं उघडी ठेवायला त्यांनी परवानगी दिली आहे.

गुजराती माध्यमात शिकणाऱ्या मराठी घरांतल्या मुलांचा विषय मी काढला. ती घरी मराठी बोलतात, पण मराठी पुस्तकाच्या कपाटाकडे फिरकत नाहीत. बडोद्याच्याच वाडी भागातल्या एका ताईंनी सांगितलं, की दशांश वर्गीकरणाप्रमाणे, म्हणजे ग्रंथालयात विषयवार क्रमांक देण्याच्या पद्धतीप्रमाणे, मराठी साहित्याचा ८९१.४६ आणि गुजरातीचा ८९१.४७ हे क्रमांक नोंदवहीत राहू द्या, पण मांडताना मराठीची सोपी चित्रपुस्तकं हिंदीच्या शेजारी ठेवा. देवनागरी त्या मुलांना हिंदीमुळे येतच असते. त्यांच्याकडे मुलं हिंदी समजून पुस्तक उचलतात आणि "हे तर आजी बोलते तसं आहे" म्हणत घरी नेतात. मी लगेच मांडणी बदलली.

एक गोष्ट मनाला लागली. ही कार्यशाळा बडोद्यात भरते आणि बडोद्याच्या ग्रंथालय चळवळीचा उल्लेखही होत नाही. सयाजीरावमहाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना बोलावलं, १९११ मध्ये इथे ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणवर्ग सुरू झाला, गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरल्या. पुढे इथूनच 'लायब्ररी मिसेलनी' हे नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघायचं. ग्रंथालयात काम करणाऱ्यांनी एकमेकांना कळवावं, विचारावं, याची सोय शंभराहून अधिक वर्षांपूर्वी या गावात झाली होती. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात पोलादी मांडण्या आणि काचेच्या फरश्या आहेत. सत्कारांऐवजी सगळ्यांना तिथे न्यावं, असं मी आयोजकांना सुचवलं आहे. त्यांनी ऐकून घेतलं. गोलात बसलेल्यांनी मात्र वाट न पाहता ठरवलं, की आता आळीपाळीने एकेकाच्या शाळेत भेटायचं, फी नाही, भाषण नाही. पहिली भेट आमच्याकडे.

प्रमाणपत्र त्याच संध्याकाळी मिळतं, शाळेच्या फायलीला पुरतं. सभागृहात पंखे कमी आहेत, पाण्याची बाटली बरोबर ठेवा. जाताना आपल्या लायब्ररीतलं काहीतरी न्याच, देवघेवीचं रजिस्टर असो की फाटकं पुस्तक. आणि शाळेतून अर्ध्याच दिवसाची परवानगी मिळत असेल, तर दुपारची मागा.