१५ किलोवॅटची इलेक्ट्रिक फर्नेस: दोन हिवाळे वापरल्यावर

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत बऱ्याच घरांना गॅसची लाइनच नसते, तिथे ही फर्नेस, म्हणजे विजेवर हवा तापवून घर गरम करणारं यंत्र, भेटते. ज्योत नाही, धूर नाही, इग्नायटर नाही, त्यामुळे बिघडायच्या जागाही मोजक्याच. पहिल्या थंडीत ती सुरूच झाली नाही, तर एलिमेंट (हवा तापवणारी कॉइल) जळलं असं धरून लगेच पार्ट मागवू नका. आत ५-५ किलोवॅटची तीन एलिमेंट्स असतात आणि तिन्ही एकदम क्वचितच जातात. एखादं गेलं तर हवा कोमट येते, एवढंच.

आधी थर्मोस्टॅटच्या बॅटऱ्या, मग ब्रेकर. ट्रिप झालेल्या ब्रेकरची दांडी अधेमधे अडकलेली असते आणि वरवर पाहता चालूच वाटते. ती पूर्ण ऑफला दाबून मग ऑन करायची. २४० व्होल्टवर १५ किलोवॅट म्हणजे ६२.५ अँपिअर, म्हणून बहुधा दोन ब्रेकर असतात, दोन्ही बघा. पुन्हा पडला तर मात्र हात लावू नका, इलेक्ट्रिशियन बोलवा.

खरी गोम बहुतेकदा २४ व्होल्टच्या बाजूला, म्हणजे थर्मोस्टॅटकडून हुकूम आणणाऱ्या वायरिंगमध्ये निघते. ब्रेकर बंद करून झाकण काढा. कंट्रोल बोर्डावर गाडीत असतो तसला चपटा फ्यूज दिसेल, जांभळा ३ अँपिअरचा किंवा फिकट तपकिरी ५ अँपिअरचा. तो उडालाय म्हणजे थर्मोस्टॅटची वायर कुठेतरी शॉर्ट आहे. ही वायरिंग बाहेरच्या एसी युनिटपर्यंतही जाते, तिथे उन्हाने तडकलेली वायर आधी तपासा. जास्त अँपिअरचा फ्यूज कधीच घालू नका, ट्रान्सफॉर्मर जळतो.

फ्यूज शाबूत असेल तर ब्रेकर बंद असतानाच बोर्डावरची आर (२४ व्होल्टचा पुरवठा) आणि डब्ल्यू (हीटिंगचा हुकूम) ही टर्मिनल तारेने जोडा, झाकण लावा, मग ब्रेकर चालू करा. फर्नेस चालली तर दोष थर्मोस्टॅटचा किंवा त्याच्या वायरीचा. नाही चालली तर संशय सिक्वेन्सरवर, म्हणजे एलिमेंट्स एकामागोमाग चालू करणाऱ्या स्विचवर. त्यातली द्विधातूची पट्टी तापून वाकते तेव्हा संपर्क जुळतो, त्यामुळे दोन मिनिटं तरी थांबा. घाईत चांगला सिक्वेन्सर बदलला जातो. ब्रेकर पुन्हा बंद करून सिक्वेन्सरच्या टोकांवरचे कनेक्टरही नीट न्याहाळा. सैल झालेला कनेक्टर तापून काळपट पडतो आणि वायरीचं आवरण बोट लावताच भाजलेल्या पापडासारखं तुटतं. नुसता सिक्वेन्सर बदलून भागत नाही, वायरीचं जळकं टोक कापून नवा कनेक्टर लावावा लागतो.

एलिमेंटची शंका उरलीच, तर एक वायर सोडवून ओहम मोजा. ५ किलोवॅटला साधारण ११.५ यायला हवेत.

फर्नेस सुरू होऊन लगेच थंडावत असेल तर फिल्टर तुंबलाय. हवा कमी पडली की आतली उष्णता वाढते आणि लिमिट स्विच, म्हणजे अति तापण्यापासून वाचवणारा स्विच, एलिमेंट्सची वीज तोडतो. हिवाळ्यात फिल्टर दर महिन्याला बघाच.

दुरुस्ती सोपी, पण बिल जड: पूर्ण जोरात तासभर चालली की १५ युनिटं.