पुण्यातली बेसबॉलची बिगिनर बॅच: क्रिकेट बघत मोठं झालेल्यांनी जरूर जावी अशी

सिंहगड रोडच्या बाजूला एका शाळेच्या मैदानावर रविवारी सकाळी बेसबॉलची नवशिक्यांची बॅच चालते. मी आणि माझी १२ वर्षांची मुलगी दोघी जातोय आणि सोसायटीत रोज कोणीतरी विचारतं "अगं कशी आहे, आमच्याला पाठवू का", म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. पाठवा. आणि मोठ्यांची पण बॅच आहे सोबतच, त्यामुळे गाडीत बसून मोबाईल बघण्यापेक्षा स्वतः उतरा मैदानात.

मला ही बॅच आवडायचं मुख्य कारण म्हणजे सर पहिल्या दिवशी हातात बॅट देतच नाहीत. सगळी पोरं बॅटसाठीच आलेली असतात हो, पण सर आधी फक्कीने डायमंड, म्हणजे चार बेसचा चौकोन, आखतात आणि सगळ्यांना त्यावरून नुसतं चालायला लावतात, होम प्लेटवरून, म्हणजे बॅटिंग करायच्या जागेवरून, निघून फर्स्ट बेस, सेकंड, थर्ड आणि परत होम. एवढं फिरून आलात की एक रन. बास. बॉल कितीही लांब मारला तरी तुम्ही घरी परत आल्याशिवाय बोर्डवर काही चढत नाही, हे एकदा पायांना समजलं की बाकीचा खेळ आपोआप समजायला लागतो असं सरांचं म्हणणं आहे आणि मला ते शंभर टक्के पटलंय. मोठ्यांच्या मैदानावर दोन बेसमधलं अंतर ९० फूट असतं, लहान मुलांना सर ६० फुटांवर खेळवतात.

आपण क्रिकेटवाले तिथे अडकतो ते एका ठिकाणी, आणि ते सर फार सुंदर शिकवतात. क्रिकेटमध्ये मारल्यावर पळायचं की नाही हे आपण ठरवतो, नको वाटलं तर हात वर करून "नो" म्हणायचं. इथे बॉल फेअर, म्हणजे होमपासून फर्स्ट आणि थर्डकडे जाणाऱ्या दोन रेषांच्या आत, पडला की पळायचंच, पर्याय नाही, आणि बॅट तिथेच टाकून पळायचं. पहिल्या दिवसांत सगळे बॅट घेऊनच पळतात आणि सर लांबून ओरडत असतात "ताई बॅट सोडा, बॅट सोडा!" आता फर्स्ट बेसवर आधीच आपला एक जण उभा असेल तर? एका बेसवर दोघांना थांबता येत नाही, म्हणजे मागून बॅटर येतोय म्हटल्यावर पुढच्याला सेकंडकडे जावंच लागतं. यालाच फोर्स म्हणतात. आणि असं जावंच लागणाऱ्याला आऊट करायला त्याला हात लावायची गरज नसते, फिल्डरने बॉल हातात घेऊन बेसवर पाय ठेवला की झाला आऊट. पण फर्स्ट रिकामा आहे आणि तुम्ही सेकंडवर उभे आहात तर तुमच्यामागे कोणी ढकलणारं नाही, तुम्ही थांबू शकता, आणि तरी पळालात तर मग बॉल असलेल्या ग्लोव्हने तुम्हाला टॅग करावं लागतं. सर हे फळ्यावर शिकवत नाहीत, पोरांनाच बेसवर उभं करतात आणि प्रत्येक वेळी विचारतात, "तुला जावं लागेल का? का?" माझ्या मुलीने घरी येऊन आजोबांना डायनिंग टेबलावर चार वाट्या मांडून हे समजावलं, आणि त्यांना समजलं, यातच सगळं आलं.

यावरूनच मग डबल प्ले. जमिनीवरून सरपटत गेलेला एक बॉल शॉर्टस्टॉपने, म्हणजे सेकंड आणि थर्डच्या मध्ये उभ्या असलेल्या फिल्डरने, उचलला, सेकंडवाल्याला दिला, त्याने बेसवर पाय ठेवून लगेच फर्स्टला फेकला, एका बॉलवर दोन आऊट. मोठ्यांच्या बॅचने हा पहिल्यांदा नीट जमवला तेव्हा पूर्ण मैदान ओरडत होतं. तीन आऊट झाले की बाजू बदलते, दोन्ही बाजू एकेकदा खेळल्या की एक इनिंग, अशा नऊ इनिंग. ओव्हर नाही आणि ड्रॉ साधारण नाहीच, बरोबरी झाली तर पुढे खेळत राहायचं. बॅटिंगचा क्रम ठरलेला असतो आणि नऊ जण फिरून फिरून येतात, म्हणजे आऊट झालं म्हणून कोणी दिवसभर पॅव्हेलियनमध्ये बसत नाही, आणि आई म्हणून मला ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते. क्रिकेटच्या शिबिरात पहिल्या बॉलवर आऊट होऊन तासभर लॉन्ग ऑनला उभी राहिलेली पोरं मी खूप बघितलीयेत.

पिचिंग आणि बॅटिंगचं शिकवणं पण चांगलं आहे, पण ते नंतर येतं. पिचर, म्हणजे इथला बॉलर, ६० फूट ६ इंचांवरून टाकतो, टप्पा न पाडता, आणि बॅट गोल असल्यामुळे आपल्यासारखं फ्रंट फूटवर येऊन नुसतं अडवायची सोय नाही. होम प्लेट १७ इंच रुंद, तिच्यावरून आणि गुडघ्याच्या खालच्या टोकापासून साधारण छातीच्या मध्यापर्यंतच्या पट्ट्यातून बॉल गेला की स्ट्राइक. बाहेरून गेला आणि तुम्ही बॅट फिरवली नाही तर तो "बॉल" म्हणून मोजतात, थोडासा आपल्या वाइडसारखा. तीन स्ट्राइक झाल्या की आऊट, चार बॉल झाले की फर्स्ट बेस फुकट. फाऊल म्हणजे त्या फर्स्ट-थर्डच्या दोन रेषांच्या बाहेर गेलेला फटका, तो स्ट्राइक धरतात पण दोन स्ट्राइक झाल्यानंतरच्या साध्या फाऊलने आऊट होत नाही. म्हणजे आपला लेट कट, लेग ग्लान्स, यष्टीमागचा चौकार, सगळं फाऊल!

हे काऊंटचं, म्हणजे किती बॉल किती स्ट्राइक झाल्या याचं, गणित समजवायला सरांनी आम्हाला मोबाईलवर २०२३ च्या वर्ल्ड बेसबॉल क्लासिक या देशादेशांच्या स्पर्धेच्या फायनलचा शेवटचा आऊट दाखवला. जपान ३-२ ने पुढे, पिचर शोहेई ओहतानी, समोर अमेरिकेचा कॅप्टन माइक ट्राउट, दोघे तेव्हा अमेरिकेतल्या लीगमध्ये एकाच टीमचे, आणि काऊंट पण तीन बॉल दोन स्ट्राइक. आता सोडला आणि बाहेर गेला तर वॉक, म्हणजे फर्स्ट बेस फुकट, फिरवला आणि हुकला तर मॅच संपली. ओहतानीने स्लायडर, म्हणजे बाजूला वळणारा बॉल, टाकला, ट्राउटची बॅट हवेत गेली आणि जपान चॅम्पियन. सर व्हिडिओ थांबवून थांबवून प्रत्येक पिचला "आता काऊंट किती?" असं विचारत होते, त्या एका सकाळी पोरांना जे समजलं ते नियमांचं पुस्तक वाचून कधी समजलं नसतं.

थ्रोइंगवर खूप वेळ देतात, थोडा जास्तच वाटेल पण देऊ दे. खांदा, कोपर, मागचा पाय, सगळं बघतात आणि लहान मुलांना ठराविक पिचेसच्या वर टाकू देत नाहीत, खांदा दुखतो म्हणलं की त्या दिवशी बंद. भारतातून अमेरिकेच्या व्यावसायिक संघाशी करार झालेले पहिले दोघे, रिंकू सिंग (क्रिकेटवाला नव्हे) आणि दिनेश पटेल, २००८ साली पिट्सबर्ग पायरेट्सने घेतले, ते दोघे मुळात भालाफेक करणारे होते, हे सांगून सर पोरांना म्हणतात की हात आहे तुमच्यात, फक्त नीट वापरायला शिका. पालकांनी "याचं पुढे काय" विचारलं तर खोटी स्वप्नं दाखवत नाहीत. शाळा-कॉलेजच्या स्पर्धा आहेत, सॉफ्टबॉल आहे, २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये बेसबॉल आणि क्रिकेट दोन्ही आहेत, पण आत्ता खेळायला मजा येतेय का ते बघा, असं सरळ सांगतात.

आता खटकणाऱ्या गोष्टी. मैदानावर गवत नाही, मुरूम आहे, त्यामुळे स्लायडिंग, म्हणजे घसरत बेस गाठणं, फक्त पावसाळ्यात ओल्या मातीवर शिकवतात, उन्हाळ्यात गुडघे फुटतील. कॅचरच्या, म्हणजे इथल्या विकेटकीपरच्या, मागे जाळी नाही, सुटलेला बॉल आणायला एक पोरगं सतत पळत असतं आणि त्यात वेळ जातो. पावसामुळे क्लास रद्द असेल तर मेसेज अगदी ऐनवेळी येतो, कोथरूड किंवा वारज्याहून येणारे निम्म्या रस्त्यात असतात, हे सुधारायलाच हवं. स्वच्छतागृह शाळेचं आहे पण रविवारी किल्ली शोधावी लागते. फी मात्र आमच्या भागातल्या क्रिकेट अकादमीपेक्षा कमी आहे आणि हेल्मेट, बॅट, बॉल सगळं तिथेच मिळतं. नवशिक्यांना मऊ बॉल देतात. खरा बॉल १४२ ते १४९ ग्रॅमचा असतो, सीझन बॉलपेक्षा थोडा हलका पण लागतो तेवढाच, तो नंतर हातात येतो.

ग्लोव्ह विकत घ्यायची घाई करू नका. सुरुवातीला बॅचचे ग्लोव्ह वापरा, मुलाचं मन रमलं की मग घ्या. फेकायचा हात मोकळा ठेवून दुसऱ्या हातात ग्लोव्ह घालतात, म्हणजे उजव्या हाताने फेकणाऱ्याचा ग्लोव्ह डाव्या हातात घालायचा, दुकानात घाईघाईत लोक नेमकं उलटं घेऊन येतात. नवीन चामडं कडक असतं, बॉल आत ठेवून बांधून ठेवा आणि रोज कॅच घ्या, हळूहळू सैल होतं. मी कॅम्पातली आणि पेठेतली दुकानं फिरले, सॉफ्टबॉलचे मोठे ग्लोव्ह मिळाले पण मुलीच्या मापाचा, ११ इंचांच्या आसपासचा बेसबॉलचा शेवटी ऑनलाइन मागवला. आणि तुमचं मूल डावखुरं असेल तर आधी सरांना फोन करा, बॅचमध्ये डावखुऱ्यांचे ग्लोव्ह फार कमी आहेत आणि आमच्यातल्या एका पोराला बरेच रविवार मित्राबरोबर एकच ग्लोव्ह वाटून खेळावं लागलं.