मायक्रोटिक आरबी ५००९: फुल टेबल पेलतो, पण ती हवी कोणाला?

फोंडा तालुक्यातील काही गावांना घरगुती ब्रॉडबँड पुरवणाऱ्या आमच्या छोट्या जाळ्याच्या तोंडाशी मायक्रोटिकचा आरबी ५००९ हा राउटर बसवलेला आहे. केबलच्या धंद्यातून इंटरनेटकडे वळलेले गोव्यातील इतर चालक त्याच्याविषयी एकच प्रश्न विचारतात: अपस्ट्रीमकडून (आपल्याला इंटरनेट पुरवणाऱ्या मोठ्या सेवादाराकडून) बीजीपीने, म्हणजे जाळ्यांनी एकमेकांना वाटा कळवण्याच्या पद्धतीने, येणारी संपूर्ण जगाची राउटिंग टेबल, म्हणजेच फुल टेबल, या एवढ्याशा पेटीत मावते का? एका अपस्ट्रीमची टेबल मावते, दोघांची घेतली तर पेटी काठावर येते, आणि आमच्यासारख्याला दोन्हींची गरज समजतो त्यापेक्षा पुष्कळ कमी असते, असे माझे मत आहे.

लॅटव्हियातील या कंपनीने २०२१ साली बाजारात आणलेल्या या राउटरमध्ये १.४ गिगाहर्ट्झचा चार कोअरचा एआरएम प्रोसेसर, १ जीबी रॅम, सात गिगाबिट पोर्ट, एक अडीच गिगाबिटचा पोर्ट आणि दहा गिगाबिटचा एक एसएफपी प्लस पोर्ट आहे. हे सर्व पोर्ट एका स्विच चिपवर असून तिच्यापासून प्रोसेसरपर्यंत १० गिगाबिटची एकच वाट आहे, हे खरेदीपूर्वी ध्यानात घ्यावे.

आयपीव्ही४ ची जागतिक टेबल आज दहा लाख प्रिफिक्सच्या (पत्त्यांच्या गटांच्या) आसपास पोहोचली आहे, तिच्यातील निम्म्याहून अधिक नोंदी स्लॅश २४ च्या, म्हणजे २५६ पत्त्यांच्या गटांच्या, आहेत, आणि आयपीव्ही६ च्या दोन लाखांहून अधिक नोंदी निराळ्या. एवढा पसारा ऐकला की मोठ्या, महागड्या यंत्राशिवाय हे काम होणार नाही असे वाटते, परंतु मोठ्या यंत्रांची अडचण वेगळ्या जातीची असते. त्यांच्यात राउट (वाटांच्या नोंदी) टीकॅम नावाच्या विशेष स्मृतीत ठेवले जातात आणि तिच्यातील जागा ठरीव असते. १२ ऑगस्ट २०१४ रोजी जागतिक टेबलने ५१२ हजारांचा टप्पा ओलांडला, तेव्हा मूळ मांडणीवरच चालणारे अनेक जुने भारदस्त राउटर याच कारणाने कोलमडले होते. आरबी ५००९ मध्ये टीकॅम नाही. राउट साध्या रॅममध्ये राहतात आणि प्रत्येक पॅकेटची वाट प्रोसेसरच शोधतो. त्यामुळे ठरावीक आकड्यावर कोसळण्याचा धोका येथे नाही, मात्र १ जीबी रॅम वाढवता येत नाही आणि प्रत्येक पिअरकडून (बीजीपीने जोडलेल्या शेजाऱ्याकडून) आलेली टेबल स्वतंत्रपणे साठवली जाते, ही खरी मर्यादा आहे. दोन पिअर, त्यांवर आयपीव्ही६, शिवाय फायरवॉल आणि ग्राहकांचा वेग आखणाऱ्या क्यू एवढे एकत्र आले की मोकळी रॅम चिंता वाटण्याइतकी उतरते.

टेबल साठवणे एक आणि ती बदलणे दुसरे. राउटरओएस या मायक्रोटिकच्या प्रणालीच्या आवृत्ती ६ मध्ये बीजीपीचा सारा भार एकाच कोअरवर पडत असे, त्यामुळे छत्तीस कोअरची यंत्रेही फुल टेबल घेताना रेंगाळत. आवृत्ती ७ मध्ये हे काम अनेक प्रक्रियांत वाटले गेले आहे आणि आरबी ५००९ वर मुळातच ७ चालते. तरीही पावसाळ्यात घाटात दरड कोसळून किंवा महामार्गाच्या खोदाईत एका अपस्ट्रीमची फायबर तुटली, तर लाखो नोंदींचा पुढचा पत्ता बदलून होईपर्यंत काही पॅकेट तुटलेल्या वाटेकडेच जात राहतात. डिफॉल्ट राउट, म्हणजे सगळ्या जगासाठी एकच वाट, असता तर एकच नोंद बदलावी लागली असती.

गरजेचा हिशेब करताना बहुतेक जण एक साधी गोष्ट विसरतात. आपण घेतलेली टेबल फक्त आपल्याकडून बाहेर जाणाऱ्या पॅकेटची दिशा ठरवते, आणि घरगुती सेवादाराची बहुतांश वाहतूक आत येणारी असते. संध्याकाळी गावभर चालणारे व्हिडिओ कोणत्या अपस्ट्रीमने यावेत, हे आपण आपले पत्ते कोणाकडे कसे जाहीर करतो यावर अवलंबून असते. स्लॅश २३ असेल तर ५१२ पत्त्यांचे दोन स्लॅश २४ करून एकेक एकेकाकडे आणि संपूर्ण स्लॅश २३ दोघांकडे जाहीर केला की भार बऱ्यापैकी विभागला जातो. त्यासाठी फुल टेबलचा एकही राउट लागत नाही. दोन्ही अपस्ट्रीम अखेर मुंबईतच जाऊन मिळत असतील, तर बाहेर जाणाऱ्या वाटेची निवडही नावापुरतीच उरते.

फुल टेबलचा एक फायदा मात्र नाकारता येणार नाही. अपस्ट्रीमची आपल्यापर्यंतची लिंक शाबूत आहे, पण जगाच्या एखाद्या भागाशी त्याचाच संपर्क तुटला आहे, अशा वेळी डिफॉल्ट राउट आंधळेपणाने पॅकेट तिकडेच ढकलत राहतो. फुल टेबल असल्यास ते प्रिफिक्स मागे घेतले जातात आणि वाहतूक दुसरीकडे वळते. डिचोलीत कारखाने किंवा पणजीत कार्यालये ज्यांचे ग्राहक आहेत, त्यांनी याचा विचार अवश्य करावा.

आम्ही आमच्या दोन्ही अपस्ट्रीमकडून डिफॉल्ट राउट आणि त्यांच्या स्वतःच्या ग्राहकांचे राउट एवढेच मागवतो. अपस्ट्रीम फुल टेबलच पाठवत असेल, तर साध्या इनपुट फिल्टरने ती नाकारून रॅम वाचत नाही, कारण नाकारलेले राउटही स्मृतीत राहतात. त्यासाठी ॲक्सेप्ट एनएलआरआय हा पर्याय वापरून नको असलेले प्रिफिक्स दारातच थांबवावे लागतात.

वीज वारंवार जाणाऱ्या आपल्या भागासाठी या यंत्राची खरी खुबी वेगळीच आहे: ते २४ ते ५७ व्होल्ट डीसीवर चालते, त्यामुळे ४८ व्होल्टच्या बॅटरीला इन्व्हर्टरशिवाय जोडता येते, आणि पंखा नसल्याने दमट हवेत बिघडणारा एक भाग कमी होतो. दोन फुल टेबल घेणे अपरिहार्य असेल, तर याच कंपनीचा ४ जीबी रॅमचा सीसीआर २००४ घ्यावा आणि आरबी ५००९ मागे राखीव ठेवावा.