सीजीसीची ग्रेडिंग सेवा: आकडा वाचण्याआधी

सीजीसी ही कॉमिक्सचे अंक तपासून त्यांच्या स्थितीला आकडा देणारी कंपनी. त्याआधी, 1970 च्या ओव्हरस्ट्रीट या कॉमिक्सच्या किंमत-मार्गदर्शकात स्थितीनुसार गुड, फाइन आणि मिंट (अगदी कोरा) असे तीनच रकाने होते. 1992 मध्ये ओव्हरस्ट्रीटनेच शंभर गुणांची पट्टी आणली. ती फारशी रुळली नाही. 2000 मध्ये सीजीसी सुरू झाली आणि 0.5 ते 10.0 ही पट्टी बाजाराची भाषा बनली.

या पट्टीची खरी ताकद वरच्या टोकाला आहे. 9.0 पासून 10.0 पर्यंत सात पायऱ्या आहेत. जुना ‘निअर मिंट’ म्हणजे आज 9.4, पण नव्या कॉमिक्सचे ग्राहक 9.8 खाली बघतही नाहीत. जुन्या यादीतला शेरा आजच्या आकड्यात सरळ बदलू नका. कणा, पिना आणि कोपरे पुन्हा तपासा.

कण्यावरच्या घडीने शाई तुटून पांढरी रेघ दिसत असेल, तर ती दाबून जात नाही. रंग शाबूत असलेला बाक मात्र प्रेसिंगने, म्हणजे उष्णता आणि दाब देऊन, बराच सपाट होतो, आणि सीजीसी प्रेसिंगला रिस्टोरेशन (दुरुस्ती) मानत नाही. त्यामुळे तोच अंक प्रेस करून पुन्हा पाठवला, तर वरचा आकडा घेऊन येऊ शकतो. हे मला खटकतं. उडालेल्या जागी रंग भरलेल्या अंकाला मात्र रिस्टोरेशनचं जांभळं लेबल लागतं, आणि तिथे किंमत चांगलीच घसरते.

पानांचा रंग लेबलवर वेगळा लिहिलेला असतो, तोही वाचा. घाईत हाच तपशील सुटतो.

सेवा घ्यावी, पण स्वस्त अंकासाठी नाही: शुल्कच अंकाच्या किमतीपेक्षा जास्त होतं.