बसस्टँडमागची अभ्यासिका : खुर्ची चांगली, रविवार महाग

बारावी आर्ट्सला आहे, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. तालुक्याला बसस्टँडमागं अभ्यासिका निघाली, तिथं ऑक्टोबरपासून तीन महिने बसले. नाव लिहीत नाही. मालक दादा रागावतील, अन् मला अजून तिथंच बसायचं आहे.

आधी जागेचं. बावीस खुर्च्या, मधे प्लायचे आडोसे, मुलींची रांग वेगळी. पाण्याची कॅन रोज येते. लाइन गेली तर इन्व्हर्टर दीड तास चालतो म्हणतात; मी घड्याळ लावून पाहिलं, चाळीस मिनिटं. पोलीस भरतीवाली पोरं पहाटे धावून येतात अन् दुपारी पुस्तकावरच डोकं टेकवतात. माझ्या आडोशावर आधीच्या कोणीतरी पेनानं दिवसांच्या रेघा मारल्यात, पाच-पाचच्या जुड्या करून. एकशे तीसपर्यंत मोजल्या, मग कंटाळले. शांतता मात्र खरी आहे. घरी दोन पानं होत नाहीत, इथं धडा संपतो.

फी महिन्याला ५००, तीन महिन्यांची आगाऊ. कॉलेजच्या दिवशी येणं-जाणं फुकट : मानव विकास कार्यक्रमाची शाळा-कॉलेजच्या मुलींसाठीची निळी बस अन् बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेचा पास. रविवारी निळी बस आमच्याकडं येत नाही. लालपरीचं अर्धं तिकीट, जाऊन-येऊन तीस रुपये.

दसरा झाला, वावरात सीतादही (वेचणीआधीची पूजा) झालं अन् कापसाची वेचणी लागली. यंदा आमच्या गावात किलोला १० रुपये. कमरेला फडकं बांधून दिवसभरात माझा ३५ किलो होतो, आईचा ५०च्या वर. सोमवारी पेन धरला की बोंडाच्या टोकांनी ओरबाडलेली बोटं चुरचुरतात.

तेव्हाच अर्थशास्त्राच्या वर्गात संधी खर्च चालू होता, म्हणजे एक गोष्ट निवडली की जी सोडावी लागते तिची किंमत. मी वहीच्या मागं माझ्या रविवारचा हिशेब मांडला : वेचणीचे ३५०, तिकीट ३०, डबा, शाळेच्या मैदानावरची कबड्डी, दुपारची झोप, सगळं बुडालं. सरांनी अर्ध्यावर काट मारली. म्हणाले, “डबा घरी असती तरी खाल्लाच असता. अन् तू एकाच वेळी वावरातही नाही राहू शकत, मैदानातही नाही. सोडलेल्यातलं जे सगळ्यात चांगलं, तेवढं एकच धर.” उरले वेचणीचे ३५० अन् खिशातून जाणारे तिकिटाचे ३०, मिळून ३८०.

चार रविवारांचे १५२०. महिन्याची फी ५००, अन् तिच्या तिप्पट हे.

घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, “पैसे भरले नं, मंग जाय नं बाप्पा! वाया घालवतं काय?” मलाही तसंच वाटायचं. पण भरलेले पैसे मी गेले काय, वावरात राहिले काय, दादांकडून परत येणार नव्हतेच. मग ते रविवारच्या हिशेबात कायले धरायचे? दिवाळीनंतर रविवारी वेचणीला जाऊ लागले. बाबा दोन दिवस बोलले नाहीत. काट्यावर कापूस मोजून पैसे हातात आले तेव्हा बोलले.

इतर दिवशी हीच खुर्ची स्वस्त पडते. कॉलेज सुटल्यावर एक वाजता मला कोणी अर्ध्या रोजानं घेत नाही. घरी गेले तर बकऱ्या अन् टीव्ही. आता फेब्रुवारीत बोर्ड, वावरातला कापूस सरत आला, त्यामुळं रविवारही परवडतो. माझ्या शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीचं किराणा दुकान तालुक्याच्या गावातच आहे, तिला यातलं काहीच लागू नाही. तिनं खुशाल वर्षभराचे भरावेत. वेचणीला जाणाऱ्या पोरींनी मात्र ऑक्टोबरात तीन महिन्यांचे आगाऊ भरू नये.

मी दादांना विचारलं होतं, रविवार सोडून काही कमी होईल का. ते म्हणाले, “तू नाही आली तं ते खुर्ची मी दुसऱ्याले देऊ शकतो काय? तिच्यावर तुहं नाव आहे.” बरोबरच होतं, सगळ्या खुर्च्या भरलेल्या असत्या तर. मी मागं वळून मोजल्या. नऊ रिकाम्या होत्या. दादांनीही मोजल्या असाव्यात, कारण थोडं थांबून म्हणाले, “जानेवारीपासून ४०० दे. पण कोणाले सांगू नको.”