क्लच सेट बदलण्याआधी अर्थिंग बघा: एएमटी गाडीचे गोव्यातले ११ महिने

पेट्रोल हॅचबॅक, पाच गियर, इलेक्ट्रो-हायड्रॉलिक एएमटी, म्हणजे गियर आणि क्लच तेलाच्या दाबाने आपोआप चालवणारी यंत्रणा. ११ महिन्यांत १४,००० किलोमीटर. रोज पर्वरी–पणजी, मधूनमधून चोर्ला घाट, दिवाडीची फेरीबोट आणि जून ते सप्टेंबर अख्खा पावसाळा. मायलेज, एसी आणि सीटबद्दल सगळेच लिहितात, त्यामुळे इथे फक्त क्लच. या गाड्यांचे चांगले क्लच विनाकारण बदलले जातात आणि मूळ बिघाड तसाच राहतो, हे थांबायला हवं.

पेडल नसलं तरी आत क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग मॅन्युअल गाडीसारखंच असतं. डाव्या पायाचं काम इलेक्ट्रिक पंप, दाब साठवणारा ॲक्युम्युलेटर, सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) आणि क्लचची जागा सांगणारा पोझिशन सेन्सर मिळून करतात आणि हुकूम टीसीयू, म्हणजे गिअरबॉक्सचा संगणक, देतो. २०१४ मध्ये सेलेरिओ आल्यापासून ही व्यवस्था आपल्याकडे स्वस्त गाड्यांत रुळली. काही एएमटींत तेलाऐवजी मोटरच क्लच ओढते. त्यांना पंपाची चाचणी लागू नाही, बाकी सगळं लागू आहे.

जुलैमध्ये डॅशबोर्डवर गियरचा आकडा लुकलुकायला लागला. न्यूट्रलमधून डी (पुढे जाण्याचा गियर) पडेना. बंद करून पुन्हा चालू केली की ठीक. हे बहुतेक सकाळीच व्हायचं, दुपारी नाही. एका गॅरेजचा निकाल लगेच आला: क्लच सेट गेला. पण झिजलेली प्लेट सकाळ-दुपार बघत नाही. ओलाव्याबरोबर येणारा-जाणारा दोष आधी वायरिंगमध्ये शोधायचा.

सापडला बॅटरी ट्रेखाली. गिअरबॉक्सवरून बॉडीला जाणाऱ्या अर्थच्या पट्टीचा (करंट बॅटरीकडे परतण्याची वाट) लग, म्हणजे टोकाचं धातूचं कडं, वरून घट्ट होता, पण बोल्ट काढल्यावर खाली हिरवट-पांढरी पूड आणि त्यात बसलेली ओली तांबडी माती. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी गिअरबॉक्सच्या उघड्या धातूवर ठेवून पंप चालू असताना बघितलं, तर ०.६ व्होल्ट. हा आकडा ०.२ च्या वर जाता कामा नये. पॉलिश पेपरने लग आणि बॉडीची जागा चकचकीत केली, बोल्ट आवळला, वरून पेट्रोलियम जेली लावली. आकडा ०.०५ वर आला. त्यानंतर उरलेला पावसाळा गियरचा आकडा एकदाही लुकलुकला नाही.

पंप थोडाच वेळ चालतो, पण तेवढ्या वेळात करंट भरपूर ओढतो. अर्थिंगमध्ये किंचित अडथळा आला तरी व्होल्टेज तिथेच पडतं, सेन्सरचं रीडिंग हलतं आणि टीसीयू सावध होऊन गियर नाकारतो. मल्टिमीटरच्या नुसत्या ओहम मोडवर (रोध मोजताना) हे दिसत नाही. करंट वाहत असतानाच मोजावं लागतं.

बॅटरीही त्याच कारणासाठी तपासा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट उत्तम, १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. स्टार्टर फिरताना ९.६ च्या खाली गेली तर आधी बॅटरीचा बंदोबस्त करा. मालक जहाजावर आणि गाडी चार-सहा महिने अंगणात, हे गोव्यात घरोघरी आहे. अशी गाडी बाहेर काढताच क्लचचा दिवा लागला तर घाबरू नका, पूर्ण चार्ज करून स्कॅनरने दोषाचा कोड पुसा आणि पुन्हा येतो का बघा.

ब्रेक दाबल्याचा निरोप मिळाल्याशिवाय डी पडत नाही, आणि तो निरोप देणारा ब्रेक लाइटचा स्विच फसवतो. त्यात बहुधा दोन संपर्क असतात, एक दिव्यांसाठी, दुसरा ईसीयूसाठी (इंजिनचा संगणक). मागचे दिवे लागतात म्हणून स्विच चांगला असं होत नाही. डी पडत नसेल आणि पेडल जोरात दाबल्यावर पडत असेल, तर स्विच किंवा त्याचं ॲडजस्टमेंट. कोड बहुधा पी०५७१.

कोडच्या बाबतीत स्वस्त ब्लूटूथ स्कॅनरवर भिस्त ठेवू नका. तो इंजिनचे कोड वाचतो, टीसीयूपर्यंत अनेकदा पोचतच नाही. त्यावर ‘दोष नाही’ दिसलं तर त्याचा अर्थ एवढाच की त्याने टीसीयूला विचारलंच नाही. टीसीयू वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०९०० दिसला तर ॲक्च्युएटरचं सर्किट तुटलंय, पी०८०५ म्हणजे पोझिशन सेन्सरचं सर्किट, पी०५६२ म्हणजे व्होल्टेज कमी, यू०१०१ म्हणजे टीसीयूशी संपर्क नाही. यांतल्या एकाही कोडवरून प्लेट बदलायची नसते. पी०८१० मात्र दोन्हीकडे बोट दाखवतो: सांगितलेली आणि प्रत्यक्ष पोझिशन जुळत नाही, मग कारण विद्युत असो वा झीज.

प्लेट खरंच घसरते का, हे रस्त्यावर कळतं. गाडी मॅन्युअल मोडमध्ये तिसऱ्यात टाका आणि मोकळ्या चढावर ॲक्सिलरेटर दाबा. ४० च्या वेगाला आरपीएम २,००० असेल तर ६० ला ३,००० च हवा, कारण गियर तोच आहे. आरपीएम उसळला आणि वेग मागे राहिला, वर जळका वास आला, तर प्लेट गेली, वाद नाही. आकडे सोबतच्या माणसाने वाचावेत, चालवणाऱ्याने नाही.

पंपाची चाचणी कानाने होते. इंजिन बंद, चावी ऑन, ब्रेक दाबून एन-डी-एन असं सावकाश करा. पंपाची घरघर दोन-तीन बदलांनंतर आली तर ठीक. प्रत्येक बदलाला आली तर ॲक्युम्युलेटर कमजोर. लीव्हरला हात न लावता पंप पुन्हा पुन्हा चालत असेल तर दाब आत कुठेतरी गळतोय. हे दुर्लक्षिलं तर रिले चिकटतो आणि पंप जळतो. पंपाच्या तेलाच्या टाकीत गाडीच्या माहिती-पुस्तिकेत लिहिलेलंच तेल घाला. ते खनिज तेल असेल तर ब्रेक ऑइलने सील फुगतात आणि अख्खं युनिट हातचं जातं.

चालवण्यातली एकच चूक सांगतो. फेरीच्या धक्क्यावर किंवा आल्तिनोच्या चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरली की प्लेट अर्धवट टेकून तापत राहते. हँडब्रेक लावून थांबा, निघताना तो सोडा.

आणि क्लच सेट खरंच बसवला, तर स्कॅनरवरून टीसीयूला टच पॉइंट, म्हणजे प्लेट पकड घ्यायला लागते ती जागा, नव्याने शिकवून घ्या. नवी प्लेट जाड असते, टीसीयू जुन्याच जागी पकड शोधतो आणि गाडी पहिल्या गियरला धक्के देते. काम झाल्यावर लर्निंग पूर्ण झाल्याचा स्क्रीन समोर उभं राहून बघा, मगच चावी घ्या.