समुद्रातला कार्बन: फ्लोट, ग्लायडर की सेलड्रोन?

सोलापुरात राहून समुद्रावर प्रकल्प करायचा म्हटलं की घरचे विचारतात, "इथं कुठला आलाय समुद्र?" भारताचं आर्गो फ्लोटचं (समुद्रात आपोआप वाहत मोजमाप घेणाऱ्या यंत्रांचं) काम बघणारी इन्कॉइस ही संस्था हैदराबादला आहे, तिथंही समुद्र नाही. एमएस्सीच्या मुलांना मी एवढंच सांगतो, समुद्रातल्या कार्बनवर प्रकल्प करायचा तर आधी कोणत्या यंत्राच्या नोंदी घ्यायच्या ते ठरवा.

माझा कौल फ्लोटला. हा 1000 मीटर खोलीवर वाहत राहतो, दर दहा दिवसांनी 2000 मीटरपर्यंत उतरतो, वर येताना मोजमाप घेतो आणि उपग्रहामार्फत पाठवून देतो. नव्या फ्लोटवर ऑक्सिजन, नायट्रेट, पीएचचे (पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारे) सेन्सर असतात. अरबी समुद्रातली एखादी नोंद लॅपटॉपवर उघडून बघाच. पृष्ठभागावर ऑक्सिजन किलोमागे 200 मायक्रोमोलच्या आसपास, आणि दीड-दोनशे मीटर खाली जाईपर्यंत आलेखाची रेघ शून्याला टेकलेली! पहिल्यांदा बघताना मुलं गप्पच होतात. ही सगळी माहिती फुकट मिळते.

पण फ्लोट कार्बन डायऑक्साइड थेट मोजत नाही. पीएच मोजायचा, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद) अंदाजानं धरायची, त्यावरून हिशेब काढायचा. पीएच जरासा चुकला तरी उत्तर हलतं. अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्र हिवाळ्यात बराच कार्बन बाहेर टाकतो, असं 2018 मध्ये फ्लोटच्या नोंदींवरून मांडलं गेलं. 2021 मध्ये विमानातून केलेल्या मोजमापांवरून मात्र तो समुद्र एकंदरीत कार्बन जोरात शोषतो, असं दिसलं. हा वाद समजून घेतल्याशिवाय फ्लोटचे आकडे वापरू नका.

हवा-पाण्यातली देवघेवच अभ्यासायची असेल तर सेलड्रोन सरस. वाऱ्यावर चालणारी ही बिनमाणसाची नौका हवेतला आणि पाण्यातला, दोन्हीकडचा कार्बन डायऑक्साइड थेट मोजते. 2019 मध्ये एकीनं 196 दिवसांत अंटार्क्टिकाला फेरी मारली, सुमारे 22,000 किलोमीटर. फक्त पृष्ठभागाखाली काय चाललंय, ते तिला कळत नाही.

ग्लायडर हे पाण्याखालचं बिनमाणसाचं यंत्र. तो पंखांच्या आधारानं तिरका वर-खाली होत तासाला जेमतेम किलोमीटरभर सरकतो, पण सांगाल तिकडे जातो. किनाऱ्याजवळच्या एखाद्या ठरावीक पट्ट्यासाठी उत्तम. मोहीम काही महिन्यांची, त्यामुळे वर्षानुवर्षांचा बदल त्यात सापडायचा नाही.

फ्लोट घेतलात तर फाइलमध्ये 'डी' शिक्का बघा. तज्ज्ञांनी तपासून दुरुस्त केलेली नोंद ती. 'आर' म्हणजे आल्या आल्या चढवलेली. पीएचसाठी तिला हात लावू नका.